काका जिना चढत नाहीत

"मला बदलणार? अहो, प्रेक्षक टीव्ही फोडतील," असं थोरले काका तोंडाला रंग लावून घेता घेता रंगभूषाकाराला रोज ऐकवायचे. मालिका सुरू झाल्यापासून ते तिच्यातले थोरले काका होते. बँकेतला शिपाईही त्यांना काकाच म्हणायचा. सख्खी बायकोही भांडणाच्या भरात एकदोनदा काका म्हणून गेली होती.

मालिका एकत्र कुटुंबाची, थोडी हसवणारी आणि बरीचशी रडवणारी. त्या घरात माणसं बदलायची एक रीत होती. एखाद्या नटाशी बिनसलं की त्याच्या पात्राला जिना चढून वर पाठवायचं. वर मजला नव्हताच. पायऱ्या संपल्या की मागे शिडी होती, तिच्यावरून उतरून नट सरळ घरी जायचा. थोरली सून स्वेटर आणायला म्हणून वर गेली ती वीतभर उंच होऊन खाली आली. सासूबाई नुसतं "सापडला का?" म्हणाल्या आणि संसार पुढे सुरू झाला. भाचा तर दोनदा चढला आणि दोन्ही वेळा बदलला.

एका सकाळी काकांनी त्या दिवसाच्या चित्रीकरणाची पानं उघडली. 'काका उठतात आणि जिना चढून वर जातात.' त्यांनी ओळ पुन्हा वाचली, तीच होती. पण गडी मुरलेला. दिग्दर्शकाला विचारायला जावं तर नसलेलं त्याच्या मनात यायचं. त्यापेक्षा चढायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दृश्य सुरू झालं. काका उठले, पहिल्या पायरीपर्यंत गेले आणि गुडघा धरून खाली बसले.

"कट. काका, लागलं का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मला नाही, पात्राला. या वयात गुडघा दुखणारच ना? मी आतून अभिनय करतोय."

दिग्दर्शकाने लेखिकेकडे पाहिलं, लेखिकेने छताकडे. मग तिने उभ्या उभ्या नवं लिहून दिलं. दोन पुतणे काकांना खुर्चीसकट उचलून वर नेतात. खुर्ची उचलली गेली. दुसऱ्या पायरीवर काकांनी कठडा पकडला.

"मला खालीच राहू द्या रे पोरांनो!"

हे वाक्य कोणी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे पुतणे गोंधळले. "काका, सोडा ना," थोरला दातओठ खात कुजबुजला. काका कसले सोडतात? पण कठडा प्लायवूडचा, त्यानेच सोडलं. कठडा, खुर्ची, काका आणि पुतणे असा सगळा गोतावळा सोफ्यावर येऊन पडला. कोणाला खरचटलंही नाही. कॅमेरा मात्र चालू होता.

"हेच दाखवू," दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला. "काकांना अपघात. हॉस्पिटलात दाखल."

काकांना हायसं वाटलं. हॉस्पिटलला जिना नव्हता. दुसऱ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत बँडेज गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून ते पडून राहिले. त्यानंतर मात्र बोलावणंच येईना. बायकोला काय सांगणार? ते रोज डबा घेऊन निघायचे, बागेत बसून खायचे आणि संध्याकाळी दमल्यासारखे घरी यायचे. शेवटी न राहवून त्यांनी लेखिकेला फोन लावला.

"बँडेजात कोण आहे ते कुठे दिसतंय, काका? आपला लाइटवाला झोपतो तिथे," ती म्हणाली.

"म्हणजे मला काढायचंच होतं तुम्हाला. उगाच का जिना लिहिलात?"

"काढायचं? अहो, तुमच्यासाठी शेजारच्या स्टुडिओत खरा वरचा मजला उभा केलाय. तुमचं जुनं प्रेमप्रकरण काढणार होतो, महिनाभर नुसते तुम्ही. पण तुम्ही चढेचनात. मग दिलं आत्याबाईंना."

काकांनी फोन ठेवला. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला होता, आणि पाय तर चांगला धडधाकट होता. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

त्याच संध्याकाळी घरात मालिका लागली. पलंग, बँडेज आणि मधोमध दोन पाणावलेले डोळे. बायको टक लावून पाहत होती.

"अहो, इतकी वर्षं बोलले नाही," ती नाक पुसत म्हणाली, "पण तुमचं काम मला कधी पटलं नाही. सारखे हातवारे, सारखा आरडाओरडा. आज मात्र... किती बोलके डोळे आहेत हो तुमचे."

काकांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं संसार करून हिला नवऱ्याचे डोळे ओळखता येऊ नयेत, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण या घरात त्यांचं कौतुक आजवर झालं होतं कधी?

"मेहनत घ्यावी लागते," ते म्हणाले.