तांबडी गाडी उघडली त्याची बखर

श्रीगजवदनास वंदन, कुलस्वामीस वंदन, आणि तेलाने माखलेल्या हातांनी ज्यांनी ज्यांनी पाना धरिला त्या सर्वांस वंदन करोन लिहिणार लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरी, फाल्गुन वद्य पंचमीस, लोक अंगणोअंगणी रंग खेळत असता, कोण्या एका राज्यात तांबडी गाडी उघडली गेली, तो मजकूर येणेप्रमाणे. राज्य म्हणावे तर केवढे? एक माडीचे घर, पुढे अंगण, मागे पत्र्याचा तबेला, उत्तरेस गटार आणि दक्षिणेस शेजारच्या देसायांची भिंत, इतकाच मुलूख. गादीवर थोरले दिनकरराव, वय वर्षे चौसष्ट, पाटबंधारे खात्याची चाकरी पुरी करोन घरी बसलेले. त्यांचे धाकटे बंधू सर्जेराव, वय बावन्न, लेथचा कारखाना चालविणार, हात सोन्याचे आणि डोके हट्टी. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यांनीच धाकट्यास वाढविले, शाळेत घातले, कारखाना काढोन दिला, म्हणोन सर्जेरावांचा दादांवर जो जीव तो सांगता पुरवत नाही.

आणि त्या तबेल्यात दिनकररावांची गाडी उभी होती. तांबडी, दोन दारांची, परदेशी बनावटीची, टर्बोची. टर्बो म्हणजे काय ते न जाणणारांसाठी सांगतो : इंजिनातून धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक चक्र फिरते, ते चक्र दुसरे फिरविते, आणि ते दुसरे बाहेरील हवा ओढोन इंजिनात ठासोन भरते, मग लहान इंजिनही थोरामोठ्यांशी पैजा घेते. दिनकररावांनी ती तरुणपणी हौसेने घेतली, पुष्कळ मुलूख पालथा घातला, आणि अकरा वर्षांमागे पिस्टन जळोन ती जी तबेल्यात शिरली ती शिरलीच. तिजवर जुनी सतरंजी घातली, वरती लोणच्याच्या बरण्या मांडिल्या, आणि सर्व विसरले.

मग त्या माघात दिनकररावांच्या डोळ्यांस ग्रहण लागले. कडेकडेने काळे सरकत मध्यावर येऊ लागले. मोठ्या शहरीचे डोळ्यांचे डॉक्टर होते त्यांणी तपासिले आणि स्पष्ट सांगितले की गेले ते परत येणार नाही, राहिले ते दसऱ्यापर्यंत टिकले तर टिकले.  घरी येऊन तिसरे दिवशी दिनकरराव जेवताना म्हणाले, "सर्जा, गाडी चालू होईल का रे? रस्त्यावर नको. माळावर ती जुनी विमानाची पट्टी आहे ना, ओसाड, तिथं एकदा मला चालवू दे. डोळ्यांनी बघत एकदा चालवायची आहे. मग काय व्हायचं ते होऊ दे."  सर्जेरावांनी ताटावरच शब्द दिला की अक्षय्य तृतीयेस गाडी पट्टीवर उभी करतो.

मग रंगपंचमीस बरण्या उतरल्या, सतरंजी निघाली, आणि मोहीम सुरू जाहली. मदतीस बाबालाल उस्ताद आले. हे त्या प्रांतीचे जुने मिस्त्री, सत्तरीचे, एका कानाने ऐकू येत नसे परंतु इंजिनाची खोड दुसऱ्या कानाने बरोबर ओळखीत. इंजिन बाहेर काढिले, साखळीने आढ्यास टांगिले, सुटे सुटे केले. वहिनीसाहेब शालनबाई यांच्या दोन पराती आणि एक पुरणाचे पातेले मोहिमेत कामी आले. परातीत पिस्टन मांडिले आणि पातेल्यात नट-बोल्ट घासलेटात भिजविले. वहिनीसाहेब म्हणाल्या, "पातेलं घेतलंत ते घेतलंत, आता गुळवणी कशात करू, गाडीच्या रेडिएटरात?" ऐसे बोलोन त्यांणी शेजारून पातेले आणिले आणि सतरंजी धुवोन वाळत घातली, म्हणजे मनातून त्याही मोहिमेत सामील होत्या.

उस्तादांनी सर्व पाहोन सांगितले, "इंजिन मेलेलं नाय सायेब. रिंगा बदला, एक पिस्टन नवा घाला, टर्बोच्या बेरिंगा घाला, जशी होती तशी करू. वैशाखात फिरंल." याजवर सर्जेरावांनी मान डोलविली आणि तसे केले असते तर ही बखर चार ओळींची जाहली असती. परंतु या प्रांती गाडीवेड्या माणसांची एक रीत आहे, आणि ती रीत लक्ष्मीपुत्रास तशी भणंगासही सोडीत नाही. एकदा का यंत्र उघडले, की मनुष्य म्हणतो, "उघडलंच आहे तर." आणि हे तीन शब्द ज्याचे तोंडी आले तो गेला. सर्जेरावांच्या तोंडी चैत्र शुद्ध पक्षी आले. उघडलेच आहे तर जुना टर्बो कशास, थोरला घालू. त्यांचे पोटात कपट नव्हते हो. त्यांस वाटे, दादांची ही शेवटली स्वारी, ती साधी कैसी करावी? जन्मात जो वेग त्यांणी पाहिला नाही तो एकदा पाहोत, मग डोळे मिटोत. प्रेमापायीच सर्व जाहले. आणि थोडी हौस स्वतःचीही होती, ती का लपवावी.

थोरला टर्बो आला तो जुन्या जागी बसेना, म्हणोन नळ्या नव्या घडविल्या, त्यात चैत्र सरला. थोरला टर्बो हवा फार तापवितो म्हणोन ती हवा निवविणारी जाळी मोठी पाहिजे जाहली, ती पुढील बंपरात मावेना, बंपर कापिला. अक्षय्य तृतीया आली तेव्हा गाडीस तोंडच नव्हते. सर्जेराव दादांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, थोडं थांबा, वटपौर्णिमेला देतो." दिनकरराव म्हणाले, "दे की, घाई कसली." परंतु ऐसे म्हणताना त्यांणी घड्याळाकडे पाहण्यासाठी मान पूर्ण वळविली, कारण कडेचे आता काही दिसत नव्हते, आणि ते सर्जेरावांनी पाहिले आणि ते तबेल्यात जाऊन दुप्पट जोराने कामास लागले. काम कमी करावे ऐसे मात्र त्यांचे मनात आले नाही.

ज्येष्ठात इंजिन गाडीत बसले आणि वटपौर्णिमेच्या आदले दिवशी चालू जाहले. काय आवाज! पत्रे थरथरले, गटाराकाठची मांजरे पळाली, आणि देसायांनी भिंतीवरोन वकिली केली की आमच्या मुलखात धूर येतो, हा तहभंग होय. दिनकरराव आवाज ऐकोन स्वतः चालत तबेल्यात आले. दोन्ही हात बॉनेटवर ठेविले, अंग गदगदले, आणि चेहरा तरुण जाहला. म्हणाले, "सर्जा, चल. आत्ताच जाऊ माळावर. अजून मधलं दिसतंय मला. घड्याळाचा काटा दिसतो, पट्टी दिसेल."

आता लिहिणाराचा हात येथे जड होतो. गाडी चालत होती. ब्रेक लागत होते. हळू चालविली असती तर पट्टीवर चार फेऱ्या खचित मारिल्या असत्या. उस्तादांनी सर्जेरावांची बाही ओढोन हळूच सांगितले, "जाऊ द्या त्यांना. आज जाऊ द्या." परंतु सर्जेरावांनी सकाळी गल्लीत एक चक्कर मारिली होती आणि त्यांस कळले होते की नव्या टर्बोचा जोर जुन्या क्लचास सोसत नाही, तो घसरतो, इंजिन ओरडते आणि चाके तितकी धावत नाहीत. त्यांस ऐसे अर्धेमुर्धे दादांच्या हाती देववेना. म्हणाले, "आज नको दादा. क्लच घसरतोय. मजा नाही येणार. क्लच बदलला की बघाच तुम्ही, पंधरा दिवस फक्त." दिनकररावांनी बॉनेटवरचे हात काढिले. "बरं," म्हणाले, आणि भिंतीस हात लावीत घरात गेले. उस्तादांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

मग क्लच आणविला, तो शर्यतीच्या गाड्यांचा, जबर ताकदीचा, आणि तो येऊन बसेतो आषाढ गेला. क्लच बसला तो गिअरपेटीतून कण्हणे ऐकू आले, मग उघडलेच आहे तर गिअरपेटी सोडविली. त्या साली श्रावण अधिक आला. सर्जेराव हर्षले, म्हणाले, देवाने एक महिना वाढवोन दिला. परंतु डोळ्यांचे दुखणे पंचांग पाहोन चालत नाही. निज श्रावणात ब्रेक थोरले घातले, कारण वेग वाढला तर थांबणेही पाहिजे, हे मात्र खरे. भाद्रपदात स्प्रिंगा बदलल्या आणि रंग द्यावयाचे योजिले. दिनकरराव रोज सकाळी तबेल्यात येत, मोजक्या पावलांनी, आणि खुर्चीवर बसोन कामाचे आवाज ऐकत. एके दिवशी ते म्हणाले, "रंग झकास बसलाय रे. चकाकतोय." तेव्हा गाडी घासोन सर्वांगी राखाडी पुट्टी भरलेली उभी होती, रंगाचा डबा उघडलाही नव्हता. सर्जेराव गाडीखाली उताणे पडले होते, त्यांणी खालूनच "हो दादा" म्हणोन सांगितले आणि बोल्ट आवळीत राहिले. बाबालाल उस्तादांनी मात्र हातातील पाना खणकन खाली ठेविला. बोलावे की न बोलावे ऐसे त्यांस जाहले, आणि दिनकररावांनी आवाजाच्या अंदाजाने त्यांजकडे तोंड करोन हळूच मान हलविली, तेव्हा उस्तादांनी पाना पुन्हा उचलिला.

याप्रमाणे आश्विन शुद्ध दशमी आली, शके एकोणीसशे पंचेचाळीस, आणि गाडी सिद्ध जाहली. काय तिचे रूप वर्णावे! तांबडा रंग कुंकवासारखा, झेंडूची माळ बॉनेटवर, चाकांखाली लिंबे. वहिनीसाहेबांनी गाडीस ओवाळिले, नारळ वाढविला, आपट्याचे पान काचेस लाविले. देसाईही भिंतीवरोन पाहत होते आणि त्या दिवशी काही बोलले नाहीत. सर्जेरावांनी नवा सदरा घातला होता, नखांतील काळे काही गेले नव्हते. ते दादांपुढे आले आणि किल्ली पुढे करोन म्हणाले, "घ्या दादा. तुमची गाडी."

दिनकररावांनी हसोन हात पुढे केला. तो हात किल्लीच्या वीतभर डावीकडे गेला आणि तेथेच पसरलेला राहिला. किल्ली सर्जेरावांच्या हाती, आणि दादांचा पंजा हवेत.  मग वहिनीसाहेबांनी पतीचे मनगट धरोन हात किल्लीपाशी नेला आणि पदर तोंडाशी लाविला.

"कधी?" सर्जेराव म्हणाले.

"गणपती बसले त्या दिवशी," दिनकरराव म्हणाले. "आरतीचं तबक समोर आलं, ऊब लागली, पण ज्योत दिसेना. तुला सांगितलं असतं तर तू काम टाकून रडत बसला असतास. एवढं मनापासून करत होतास. म्हटलं, होऊ दे पुरं."

सर्जेराव अंगणात खाली बसले. बावन्न वर्षांचा मनुष्य, परंतु हुंदके देऊन रडला, आणि दादांनीच त्यास चाचपडत शोधोन उठविले. म्हणाले, "ऊठ. मुहूर्त टळतोय. मला पट्टीवर ने." मग सर्जेरावांनी गाडी चालविली, दादा शेजारी बसले, आणि माळावर गेले. पट्टी ओसाड, सरळ, दोन्हीकडे वाळले गवत, माणूस नाही, ढोर नाही. तेथे सर्जेराव उतरले, दादांस हाती धरोन चालकाच्या जागी बसविले आणि आपण शेजारी बसले. म्हणाले, "दादा, पट्टी मोकळी आहे. तुम्ही घ्या, मी सांगतो, डावं म्हटलं की डावं. हळू नेऊ."

दिनकररावांनी स्टिअरिंगचे चाक धरिले. इंजिन चालू केले. पाय क्लचावर ठेविला आणि दाबिला, तो शर्यतीचा क्लच, तरुणाची मांडी लागावी ऐसा ताठ. दोन्ही हातांनी चाकास रेटा देऊन त्यांणी तो खाली नेला, गिअर घातला, आणि सोडू लागले तो पाय थरथरोन एकदम सुटला. गाडीने हिसका दिला आणि बंद पडली. दुसरे वेळी तैसेच. तिसरे वेळी कपाळ चाकावर आपटले. सर्जेराव म्हणाले, "सवय होईल दादा, अजून एकदा." दिनकररावांनी हात चाकावरोन काढिले, मांडीवर ठेविले, आणि समोर काचेकडे तोंड करोन, रागाने नव्हे, खरोखर विचारावे तैसे विचारिले, "सर्जा, माझी गाडी कुठं आहे रे?"

 सर्जेरावांनी जागा बदलली आणि गाडी हळू हळू घरी आणिली.

सारांश, मोहीम आठ मास चालली. गाडीचा जोर दुप्पट जाहला, तैसी गाडी त्या प्रांती दुसरी नाही, पाहावयास अजून लोक येतात. दिनकररावांनी ती चालविली नाही. लिहिणार तबेल्याच्या दारी उभा राहोन जे पाहिले, आणि माळावरील जे मागाहोन ऐकिले, ते लिहिता जाहला; चूक कोणाची हे त्याने लिहिले नाही, राज्यातही कोणी बोलत नाही.