वन्संची ताजी स्तुती

आमच्या मार्थावन्सं रोज सकाळी मागच्या दारात उभ्या राहून देवाची स्तुती करतात. मोठ्याने. रोह्यातली आमची अख्खी आळी ऐकते. आणि कालची स्तुती आज चालत नाही. "शिळा भात आपण खातो गो. देवाला शिळं कशाला?" रोज एक नवी गोष्ट, आयुष्यात आधी कधी न बोललेली. ती सापडेपर्यंत चहाला हात लावत नाहीत.

पेणहून लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच सकाळी कानावर आलं, "प्रभू, सेफ्टीपिनेच्या टोपीबद्दल तुझी स्तुती असो!" मी पदरात तोंड खुपसलं. मी तेव्हा मोठी शहाणी. चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत, आवाज गोड, साडी इस्त्रीची. माझी भक्ती रविवारी दहाला सुरू व्हायची आणि बाराला घरी येऊन कोळंबीच्या कालवणात विरघळायची.

वन्सं माझी थोरली नणंद. नवरा लवकर गेला, मग माहेरीच राहिल्या. खाडीकडच्या गावांत सरकारी नर्स होत्या. मिठागरावरच्या बायकांची बाळंतपणं करून गुडघाभर चिखलाने घरी यायच्या आणि दुसऱ्या सकाळी चिखलाचीच स्तुती! "पाय धरून ठेवतो गो तो. पडू देत नाय." कुंडलिका नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. वन्सं पाटावर चढून म्हणाल्या, "प्रभू, पाटाला पाय दिलेस!"

एकदा मी मुद्दाम खोटं बोलले. त्यांनी कढीपत्त्याची स्तुती केली, तशी मी आतून ओरडले, "वन्सं, हा झालाय! मागच्या नाताळात." बिचाऱ्या तशाच उभ्या. मी मजेत दोन कप चहा ढोसला. जेवणाच्या वेळी कुठे त्यांना सापडलं. "प्रभू, चूक दाखवणारी भावजय दिलीस, तुझी स्तुती असो." मला वाटलं, टोमणा मारला. टोमणा नव्हता, एवढं कळायला मला आजी व्हावं लागलं.

आता वन्सं पंच्याऐंशीच्या. विसरतात. गॅस, वार, कधीकधी माझं नाव. मला मात्र धास्ती एकच. एखाद दिवशी तेच पुन्हा बोलतील, आणि बोलल्याचं त्यांना कळेल. मग वन्सं मोडतील.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, मी आत चहा गाळत होते. मग नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, "प्रभू, ती एकदा रडली, त्याबद्दल तुझी स्तुती असो."

"कोण हो, वन्सं?"

"माझी पोर."

आमच्या घरात ती गोष्ट एका वाक्यात संपवलेली होती. वन्संना मेलेली मुलगी झाली. बस.

"मेलेली नव्हती गो. एकदा रडली. सुईण पाणी आणायला बाहेर गेलेली, म्हणून मीच ऐकलं. कुणी मानलं नाय."

मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. "एवढ्या वर्षांत हे कधी देवापुढे काढलं नाहीत?"

"धीर नाय झाला. म्हणून तर लहान लहान गोष्टींवर सराव केला."

साठ वर्षं! आणि मी त्या सरावाला हसत आले होते.

दुसऱ्या सकाळी वन्सं दारात उभ्या राहिल्या आणि तेच बोलल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. बोलून झालं की शंका येते, मान वळवून विचारतात, "हे आधी झालं नाय ना गो?"

"नाय वन्सं. एकदम ताजं हाय."

मग मीही रोज नव्याने विचारते, "कशी रडली हो?"

वन्सं डोळे मिटतात, ओठ आवळतात आणि घशातून एक बारीक आवाज काढतात. एवढासा. आळीतही ऐकू जात नाही. मला गुडघे टेकावेसे वाटतात. पण टेकले तर मला उठवणार कोण? म्हणून ओट्याला धरून उभी राहते आणि आमेन म्हणते.