पाक आत कसा गेला?

लग्नाच्या पंगतीत गायकवाड सरांच्या शेजारी बसायला पौडात कुणी धजावत नसे. मी बसायचो. हायस्कुलात ते सायन्स शिकवत, मी चित्रकला, आणि आमच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, टाळणार कुठं? पानात गुलाबजाम पडला की सर तो मधोमध फोडून उजेडाकडं धरायचे आणि वाढप्याला थांबवून विचारायचे, "पाक आत कसा गेला?"

वाढपी म्हणायचा, "गुरुजी, खायाचा आसंल तर खावा. मागं पंगत खोळंबलीय."

चुकीचं बोललेलं तर या माणसाला खपतच नसे. झेंडावंदनाला हेडमास्तर भाषणात म्हणाले, "सूर्य उगवला आहे." सर रांगेतूनच म्हणाले, "पृथ्वी फिरली म्हणा." हेडमास्तरांनी पुढं कितीतरी दिवस यांच्याशी अबोला धरला. यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण पाकाच्या प्रश्नामागं चंदा होती. सरांची एकुलती एक लेक, चौथीतली. तिच्या अंगात धड रक्तच तयार होत नव्हतं. थॅलॅसेमिया. दर महिन्याला एस.टी.नं पुण्याला न्यायचं, दुसऱ्याचं रक्त चढवून आणायचं. असं फार वर्षं चालत नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. सरांनी पुण्यातल्या लायब्ररीत बसून वाचून काढलं, की बिघाड जनुकात आहे आणि चांगलं जनुक पेशीत घालता आलं तर पोर बरी होईल. घालायचं कसं, हे परदेशातल्या भल्याभल्यांना जमलं नव्हतं. आमचे सर ते माझ्या ओट्यावर बसून सोडवत होते.

"सुईनं टोचलं तर नेमकं आत जातं," ते म्हणायचे. "पण एकेका पेशीला टोचायचं, मास्तर. जन्म जाईल. विजेचा झटका दिला तर पेशीला भोकं पडतात, जनुक शिरतं. पण कितीतरी पेशी मरतात. चरबीच्या थेंबात गुंडाळून द्यावं, तर धोका कमी, पण पोचतं अगदी थोडं."

"मग राहिलं काय?"

"विषाणू. सर्दीपडशाचे असतात, त्या जातीतले. आत शिरायचं त्यांना बरोबर कळतं. त्यांच्यातलं रोगाचं तेवढं काढायचं आणि आपलं जनुक ठेवायचं. पण आत जाऊन ते कुठं बसेल, आपल्या हातात नाही. भलतंच बिघडवून ठेवील." मग तोंड कडू करायचे. "उंदरांवर चाललंय अजून. उंदरांना काय घाई आहे?"

मी वैतागायचो. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार? म्हणायचो, "अहो, त्यापेक्षा पोरीला चार गोष्टी सांगा."

"ह्याच सांगतो," सर म्हणायचे.

खरंच सांगत होते. एका थंडीत चंदा पडशानं फणफणली आणि वहिनींनी मला हाक मारली. "भावजी, बघा हो ह्या पोरीचं. वर्गातल्या शेंबड्या पोरीच्या गळ्यात गळा घालून बसली, तिच्याच फडक्याला नाक पुसलं. का गं, तर सांगत न्हाई."

तेवढ्यात सर शाळेतून आले. चंदा उठून बसली. डोळे तापानं लाल, पण चेहरा नुसता फुललेला.

"आबा, मी मुद्दाम सर्दी आणली. आता चांगलं जनुक आत गेलं आसंल न्हवं?"

आता हा माणूस समजावणार, की ही सर्दी साधी, हिच्यात कुणी काही ठेवलेलं नाही. हेडमास्तरांना सूर्य उगवू न देणारा माणूस हा.

सरांनी तिचं नाक पुसलं. "गेलं की," ते म्हणाले. "तुझी सर्दी लई हुशार हाय."

"मग कळंल कवा?"

"हळूहळू."

ती झोपल्यावर ते ओट्यावर येऊन बसले. "सगळ्या पद्धती ताडून पाहिल्या, मास्तर," एवढंच म्हणाले. "एकही तिच्यापर्यंत पोचत नाही."

पुढच्या दिवाळीला चंदा नव्हती.

सर अजून पंगतीला येतात. पानातला गुलाबजाम न फोडता, मान खाली घालून गिळतात. ते मला बघवत नाही. परवा मीच वाढप्याचा हात धरला आणि विचारलं, "काय रे, पाक आत कसा गेला?"

सरांनी माझा हात हलकेच सोडवला.

"जाऊ द्या त्याला, मास्तर," ते म्हणाले. "मागं पंगत खोळंबलीय."