सोडियमच्या इलेक्ट्रॉनची विनंती बदली

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या बदली कक्षात सोडियमच्या एका इलेक्ट्रॉनचा अर्ज सुनावणीला आला. अर्ज विहित नमुन्यात होता, झेरॉक्स जोडलेल्या होत्या. परत पाठवावा असं त्यात काही नव्हतं.

मागणी साधी होती. सोडियमच्या पहिल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन, दुसरीत आठ आणि तिसरीत हा एकटाच. डोंगरावरच्या वस्तीत एकशिक्षकी शाळा असते ना, तसं. तिकडे क्लोरीनच्या तिसऱ्या कक्षेत सात जण होते आणि आठवी जागा रिकामी. ती मिळावी, एवढंच. बदल्यांची मुदत त्याच संध्याकाळी पाचला संपत होती. आज राहिला तर वर्षभर तिथेच राहिला.

कक्षाच्या प्रमुख खैरमोडे मॅडमनी दोन्ही बाजूंना बोलावलं. इलेक्ट्रॉन जातीने हजर होता, पण नक्की कुठे बसलाय ते सांगता येईना, म्हणून हजेरीपटात मी 'खोलीत आहे' एवढंच लिहिलं. सोडियमच्या वतीने अणुकेंद्रातले सगळ्यात ज्येष्ठ प्रोटॉन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सोबत बारा न्यूट्रॉन होते. त्यांनी चहा घेतला, भिंतीला टेकले आणि शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही.

अण्णा कार्यमुक्त करायला तयार होईनात. आम्ही अकरा प्रोटॉन, ते अकरा इलेक्ट्रॉन, सगळं बरोबरीत चाललंय. हा गेला तर एक धनभार उघडा पडेल. आधी बदली माणूस द्या, मग याला न्या. मी शेजारी मॅग्नेशियमला फोन लावून पाहिला. त्यांचेच दोघे बाहेर पडायच्या तयारीत होते.

साडेचार वाजले.

"अण्णा, दुसऱ्या कक्षेत मंजूर पदं किती?" मॅडमनी विचारलं.

"आठ."

"भरलेली?"

"आठ."

"म्हणजे तिसरी बंद केली तर तुमची बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली. अगदी निऑनसारखी. मग अडतंय कुठे?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कागदावर नाही अडत, मॅडम. सगळ्यात लांब राहतो हा, पण रोज आमची चौकशी करणारा हाच. गेला की तोंड दिसायचं नाही."

"अण्णा, एकदा आठ जणांत बसून बघू द्या," इलेक्ट्रॉन खोलीतून कुठूनतरी म्हणाला.

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही धन झालात, क्लोरीन ऋण झालं, की दोघांनी शेजारी राहायचं आहे. सक्तीचं आहे. लांब राहायची परवानगी मागितलीत तरी मला देता येणार नाही."

अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्याकडे पेन मागितलं.

चार पन्नासला निरोप समारंभ झाला. शाल कुणाच्या खांद्यावर घालायची ते न कळल्यामुळे ती खुर्चीवर ठेवली, वर नारळ. पाचला दोन मिनिटं कमी असताना क्लोरीनकडून रुजू अहवाल आला. सातही जण सरकून बसले होते. पत्त्याच्या रकान्यात सोडियम आणि क्लोरीन दोघांनी एकच पत्ता लिहिला होता: मॅडमचं टेबल. अहवालासोबत मिठाचा एक कण होता. दिसत नव्हता, पण मी पोच दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमच्या डब्यातली भाजी अळणी निघाली. कालचं मीठ समोरच होतं. त्यातून बारीक आवाजात गप्पा चालल्या होत्या. मधूनच अण्णा हसत होते. मॅडमनी झाकण न वाजवता डबा माझ्या टेबलावर आणला आणि आम्ही भाजी तशीच खाल्ली.