खंडेनवमीस पेटी पूजेस बसली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, विजेचा पुरवठा अखंड असो, आणि ऐकणाऱ्याचें चित्त खिशांतल्या यंत्राकडे न वळो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, आश्विन मासीं शुद्ध पक्षीं एका राज्यांत जें विपरीत वर्तलें तें येणेंप्रमाणें. त्या राज्यीं राजवाड्याच्या मधल्या दालनांत पेटीखाना होता, म्हणजे भिंतीएवढा टीव्ही, त्याखालीं चौरंगावर खेळायची काळी पेटी, जीस बाहेरचे लोक कन्सोल म्हणतात, आणि तिचे दोन कंट्रोलर. पेटीखान्याचे दारोगे सटवोजीराव. राज्यास शत्रु उरला नव्हता, त्यामुळें जो काय पराक्रम करावयाचा तो पेटीवर, आणि रिवाज ऐसा कीं हरेल त्यानें उठावें, जिंकेल त्यानें बसून राहावें. सरदार समोर बसत, हरत आणि उठत, आणि राव दारोगे जाहल्यापासून कधीं उठलेच नव्हते. दुपारचें जेवणही तेथेंच. त्यांचें कुटुंब सगुणाबाई ताट घेऊन दारांत उभ्या राहत, आणि राव मान न वळवितां म्हणत, 'हा एवढा डाव', आणि मग तो संपे आणि दुसरा मांडला जाई, आणि आमटी गार होऊन जाई.

मग राज्यांत मोबाइल आले आणि टॅबलेट आले, आणि सरदार घोड्यावर बसल्या बसल्या खेळूं लागले, आणि आचारी तव्यावर पोळी असतां खेळूं लागले, आणि देवडीवरचा पहारेकरी 'कोण आहे' हें मान वर न करितां विचारूं लागला. मोबाइलवर जो तो टोपणनांव घेऊन लढे, आणि त्यांत 'गार आमटी' या नांवाचा कोणी एक ऐसा निघाला कीं सगळा दरबार त्यानें लोळविला, आणि तो कोण हें कोणास ठाऊक नाहीं. रावांनीं नाक मुरडिलें. म्हणाले, 'काचेवर बोट घासायचं, ह्याला काय खेळ म्हणायचं? चार दिवसांचं खूळ आहे.' परंतु पेटीखाना ओस पडला, आणि श्रीमंत सरकारस्वारींनीं एके दिवशीं डोकावून विचारिलें कीं, 'दारोगे, एवढं दालन अडवून काय करता? इथं आम्ही झोपाळा टांगू म्हणतो.'

मग खंडेनवमी आली. त्या दिवशीं ज्याचें जें हत्यार तें पुसून देवीपुढें मांडावें, हळदकुंकू वाहावें, झेंडू घालावा, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यास हात लावूं नये, ही त्या राज्याची चाल. रावांनीं विनंती केली कीं यंदां जो ज्यावर खेळतो तें त्यानें पूजेस मांडावें ऐसा हुकूम व्हावा. मसलत ही कीं एक दिवस मोबाइल हातचे सुटले म्हणजे लोकांचे डोळे उघडतील. हुकूम जाहला, आणि रावांनीं पेटी मांडिली, दोन्ही कंट्रोलर मांडिले, आणि मोबाइल मात्र एकानेंही मांडिला नाहीं. सरदार म्हणाले, 'हे खेळायचं नव्हे, निरोपाचं आहे.' आचारी म्हणाले, 'ह्यावर गजर लावतो, नाहीतर भात करपेल.' आणि पुरोहित म्हणाले, 'ह्यातच तर मंत्र आहेत.' मग आरती सुरू जाहली, आणि सर्व दरबार माना खालीं घालून तल्लीन उभा, आणि श्रीमंत सद्गदित होऊन म्हणाले, 'काय ही भक्ती.' रावांनीं पुढें सरून पाहिलें तों एकूणएक जण मोबाइलवर खेळत होता, आणि त्यांची पेटी झेंडूखालीं गप्प बसलेली, आणि तिची उणीव कोणास नाहीं. आपल्या हातांनीं आपणच तिला बंद करून बसविली हें त्यांच्या ध्यानीं आलें. आणि पेटीस कोणी विचारीत नाहीं हें श्रीमंतांसही दिसलें, आणि आज्ञा जाहली कीं, 'उद्या सूर्य मावळेपर्यंत तुमच्यासमोर कोणी खेळायला बसलं तर पेटीखाना राहील. नाही बसलं तर झोपाळा.'

दसऱ्यास निर्माल्य काढिलें, पेटी लाविली, आणि राव एक कंट्रोलर हातीं धरून दुसरा समोरच्या पाटावर ठेवून बसले. लोक आले, आपट्याचीं पानें दिलीं, नमस्कार केले आणि गेले. जो तो म्हणे, 'सवड नाही राव, गार आमटीचं उट्टं काढायचं आहे.' दुपार जाहली आणि सगुणाबाई दारांत आल्या. एका हातीं ताट, दुसऱ्या हातीं मोबाइल, आणि अंगठा त्यावर न पाहतां चाललेला. तोंच ओसरीवरून सरदारांचा आवाज आला, 'मेलो, पुन्हा गार आमटी.' आणि बाईंनीं अंगठा थांबवून मोबाइल कमरेस खोंचिला. रावांनीं कंट्रोलर खालीं ठेविला. म्हणाले, 'म्हणजे, ती तुम्ही?'

बाई म्हणाल्या, 'ताट घ्या.'

'अहो, पण शिकलात कुठं?'

'इथंच. दारात उभ्यानं. तुमचा एवढा डाव संपेतो सगळे पेच पाठ झाले.'

'मग कधी पेटीवर का बसला नाहीत?'

'कोणी बसा म्हटलं का?' बाई कमरेच्या मोबाइलवर हात ठेवून म्हणाल्या, 'ह्याला विचारावं लागत नाही.'

रयत पेटी सोडून गेली ऐसें ते समजत होते, आणि आतां आठवूं लागले तों आचारी, पहारेकरी, वाड्यांतल्या बायका, यांतलें कोणी पेटीपुढें कधीं बसलेंच नव्हतें. कसें बसणार, आपण उठलों कोठें, आणि बसा तरी कोणास म्हटलें? रावांस लाज वाटली. मग त्यांनीं दुसरा कंट्रोलर उचलिला, त्यावर आपट्याचें पान ठेविलें आणि म्हणाले, 'सोनं घ्या. आणि बसा.'

बाई बसल्या. गार आमटी पेटीवर आली ही वार्ता फुटली आणि दालनांत पाऊल ठेवावयास जागा उरली नाहीं, आणि श्रीमंतही आले, आणि पाहतां पाहतां राव हरले. राव रिवाजाप्रमाणें उठले, परंतु हरलेल्यानें कोठें उभें राहावें हें त्यांस ठाऊक नव्हतें. मग ते ताट घेऊन दारांत गेले. त्यांच्या जागीं आचारी बसला, आणि मग पहारेकरी, आणि मग सरदार. पुष्कळ वेळ गेल्यावर राव दारांतून हळूच म्हणाले, 'जेवून घेऊ या का आता?'

बाई मान न वळवितां म्हणाल्या, 'हा एवढा डाव.'

तात्पर्य, पेटीखाना राहिला, मोबाइल ज्याच्या त्याच्या कमरेस राहिले, झोपाळा परसांत टांगिला, आणि दारोगे तेव्हांपासून आमटी गारच जेवितात. लेखनसीमा.