जोडून वाचणारे किसनआप्पा

किसनआप्पांबरोबर एसटीत बसायची मला शरम वाटायची. रस्त्यावरचा प्रत्येक बोर्ड ते मोठ्यानं वाचत. "त... ळे... गा..." होईपर्यंत बोर्ड मागं पडायचा आणि आप्पा थेट ड्रायव्हरला ओरडायचे, "अहो, जरा हळू घ्या की! माझं जोडायचं राहिलंय!" सगळी गाडी वळून बघायची. मी उगाच खिशात तिकीट शोधत बसायचो.

आप्पा माझे वडगाव रासाईचे शेजारी. झेंडूची शेती. नव्वदच्या दशकात गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला, तो मी संध्याकाळी देवळात घ्यायचो. पन्नाशी उलटलेले आप्पा सुनांच्या नजरा चुकवून, टॉवेलात पाटी गुंडाळून यायचे. अक्षरं लवकर ओळखू आली. खरी कुस्ती पुढं होती. 'सहकुटुंब' वाचताना 'ब'पर्यंत पोचले की 'स' विसरलेला असायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जमलं की मी विचारायचो, "अर्थ कळला का?"

"आत्ता कुठं वाचून झालंय. कळायचं उद्या बघू."

मनात वाचा म्हटलं की चिडायचे. "मनात वाचणं म्हंजी एकट्यानं चोरून खाणं." त्यामुळं चहाच्या पुड्यापासून खताच्या पोत्यापर्यंत सगळं आख्ख्या आळीला ऐकावं लागे. एकदा फवारणीच्या बाटलीवरचं 'विष' त्यांनी इतक्या आनंदानं वाचलं की सून पीठभरल्या हातानं धावत आली.

हा आटापिटा कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही खाली बघून. थोरल्या लेकीच्या लग्नात पत्रिका वाटायला ते स्वतः गेले होते. पुतण्यानं गावांप्रमाणे लावून दिलेला गठ्ठा जीपमध्ये सांडला. नावं वाचून द्या, असं कुणाला म्हणायची लाज वाटली. मग हाताला येईल ती पत्रिका देत सुटले. दौंडला दिलेल्या धाकट्या बहिणीला, कौसल्याला, नेमकी तिच्या जावेच्या नावाची गेली. त्या दोघींचं बोलणंसुद्धा बंद होतं. बहीण लग्नाला आली नाही. पुढं भाऊबीजही तुटली.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आप्पा मला सोबतीला घेऊन दौंडला निघाले. त्या दिवशी वाटेत एकही बोर्ड वाचला नाही.

कौसल्याबाई दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत. आप्पांनी पत्रिका काढून नावाखाली बोट धरलं. "सौ... कौ... स..." जोडाक्षरापाशी गाडी अडली. कपाळावर घाम आला. मी सांगायला गेलो तर हातानं मला गप्प केलं.

"ल्या... कौसल्या. बघ, तुझंच नाव हाय."

बाईंनी पत्रिकेकडं पाहिलंही नाही. "मला कुठं वाचता येतंय दादा? तवा बी न्हाई आलं. शेजारणीनं सांगितलं दुसरीचं नाव हाय म्हणून. नावाचं सोड. पर तू पत्रिका हातात कोंबून पळालास. पाणी न्हाई, च्या न्हाई. तोंडानं 'ये' सुदिक म्हणाला न्हाईस."

आप्पांची मान छातीला लागली. "तू म्हणशील, दादा, वाचून दाव. म्हणून पळालो गं."

मला तिथं उभं राहवेना. दोन सख्खी भावंडं एका कागदापायी इतकी वर्षं दूर राहिली होती, आणि तो कागद दोघांनाही वाचता येत नव्हता.

आप्पांनी पत्रिका पिशवीत टाकली आणि बहिणीचा हात धरला.

"बाय, लगीन हाय. ये. चार दिस आधी ये."