चालक झोपला आहे

"फोटोनं गाडी चालत नाही, नीरजा."

गोपाळकृष्ण दामल्यांचं हे वाक्य सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरात तीस वर्षं रोज सकाळी ऐकू यायचं. नीरजाबाईंचा आग्रह असा, की देवघरातल्या महाराजांच्या फोटोला हात जोडावेत आणि मगच स्कूटरला किक मारावी. गोपाळकृष्ण हात जोडण्याऐवजी वाक्य टाकून निघायचे. आम्ही पुणेकर असेच. देवावर विश्वास नाही म्हणतो, पण म्हणताना आवाज जरा बेतानंच ठेवतो. माझ्या स्कूटरच्या डिकीतही एक लिंबू आहे. ते सरबतासाठी आहे असं मी सांगतो.

दामले खडकीच्या एका लष्करी वर्कशॉपात फोरमन होते. लष्कराच्या पंचवीस वर्षं जुन्या दोनशे ट्रकांचं काय करायचं, हा प्रश्न तिथे गेली दोन वर्षं फिरत होता. दामले म्हणाले, गाड्या टाकायच्या कशाला, नव्या करू. नवे ब्रेक, नवं वायरिंग, वर हिंजवडीच्या कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. यंत्रणेचा एक कॅमेरा ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नजर ठेवतो आणि ड्रायव्हर पेंगला तर गाडी आपोआप थांबवतो. नमुन्याची एक गाडी तयार झाली. ती चाचणीत पास झाली तर बाकीच्या इथेच नव्या होणार आणि नापास झाली तर सगळ्याच लिलावात जाणार. दामले मार्चमध्ये निवृत्त होणार होते. ज्या गाड्यांवर आयुष्य गेलं त्या भंगारवाल्याच्या दारात बघायची त्यांची तयारी नव्हती. विचार आला की जेवण जायचं नाही.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. खंडेनवमीला वर्कशॉपातल्या एकूण एक गाडीला झेंडूचा हार आणि हळदकुंकू लागलं. नमुन्याच्या गाडीवर मात्र दामल्यांनी सहीनिशी कागद चिकटवला, 'या गाडीची पूजा करू नये. आत सेन्सर आहेत.'

"साहेब," मेकॅनिक वैजनाथ म्हणाला, "हिला सुतक हाय असं वाटतंय बघा."

"वैजनाथ, एकविसावं शतक चालू आहे."

"आमच्याकडं बी तेच चालू हाय, साहेब. पण नारळ फोडतो आमी."

चाचणीच्या सकाळी मात्र दामल्यांचा धीर सुटला. नीरजाबाई भाजी आणायला गेल्याचं बघून त्यांनी देवघरातला पोस्टकार्डाएवढा फोटो हळूच शर्टाच्या खिशात घातला. संध्याकाळच्या दिव्याआधी परत ठेवला की झालं. वर्कशॉपात कोणी यायच्या आत त्यांनी तो ड्रायव्हरच्या सीटमागे चिकटवला. चांगला उंचावर, महाराजांना समोरचा रस्ता दिसावा म्हणून. महाराज ध्यानस्थ आहेत आणि त्यांचे डोळे मिटलेले आहेत, ही गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नाही. तीस वर्षांत फोटोकडे नीट बघितलं असतं तर घेतली असती.

नऊला गाडी निघाली. ड्रायव्हर हवालदार सोनबा, वीस वर्षांत गाडीला ओरखडा न पाडलेला माणूस. त्याच्या शेजारी चाचणी घेणारे कर्नल राजवाडे. मागे ताडपत्रीखाली बाकावर दामले आणि लॅपटॉप घेऊन हिंजवडीच्या कंपनीची तनया.

विश्रांतवाडीला डावीकडे वळायचं होतं. सोनबानं शहाण्या ड्रायव्हरसारखं मान वळवून डावा आरसा बघितला. त्याबरोबर केबिनमध्ये शिट्टी वाजली, गाडी कचकन थांबली आणि बाईचा एक गोड आवाज म्हणाला, "चालक झोपला आहे. कृपया विश्रांती घ्यावी."

"मी जागा आहे, साहेब," सोनबा म्हणाला.

"दिसतंय मला," कर्नलसाहेब म्हणाले. "चला पुढे."

मागे तोवर अर्धा रस्ता तुंबला होता. एक स्कूटरवाले आजोबा शेजारून जाताना ताडपत्रीत डोकावले. "काय हो, युद्ध इथेच करायचं ठरलंय का?"

पुढच्या वळणाला तेच झालं. बसस्टॉप ओलांडताना पुन्हा तेच. दिघीच्या माळापर्यंत चालक पाच वेळा झोपला. दामल्यांचा मागे बसल्या बसल्या ब्रेकपासून बॅटरीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी कर्नलसाहेब खाली उतरले.

"दामले, दोनच शक्यता आहेत. एक तर यंत्रणा बिघडलेली आहे, मग गाड्या लिलावात. नाहीतर सोनबाच्या डोळ्यांत दोष आहे, मग उद्या मेडिकल आणि स्टिअरिंग बंद. बोला."

सोनबा टोपी काढून हातात फिरवत राहिला. दामल्यांना त्याच्याकडे बघवेना.

"एक मिनिट, सर," तनया म्हणाली. "प्रत्येक अलर्टला सिस्टिम फोटो सेव्ह करते. ड्रायव्हरचा फेस दिसला नाही की ती दुसरा फेस शोधते. हा बघा." ती थांबली. "सोनबाकाका, तुम्हाला दाढी होती का सकाळी?"

"नाही."

"जटा?"

दामल्यांनी स्क्रीनकडे बघितलं. महाराज शांतपणे डोळे मिटून बसले होते. पाचही फोटोंत तेच. गप्प बसावं, परत गेल्यावर फोटो हळूच काढावा, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण समोर सोनबाची टोपी फिरत होती.

"साहेब," ते म्हणाले, "सोनबाचे डोळे ठणठणीत आहेत. फोटो मी लावला. आमच्या देवघरातला आहे. बायकोला न विचारता आणलाय."

"तुम्ही? पूजेला बंदी घातली होती ना तुम्ही?"

"सहीनिशी," दामले म्हणाले.

कर्नलसाहेब बराच वेळ माळाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "दामले, ही यंत्रणा झोपलेला माणूस ओळखते की नाही हे तपासायचं कसं, याचीच मला काळजी होती. जागा माणूस झोपेचं सोंग किती घेणार? तुमच्या महाराजांनी पाचपैकी पाच वेळा सिद्ध करून दाखवलं. गाडी पास. दोनशेच्या दोनशे गाड्या याच फोटोवर तपासायच्या."

"साहेब, दुसरा कुठलाही फोटो देतो. हा संध्याकाळच्या आत..."

"सिद्ध झालेलं साहित्य बदलता येत नाही. नियम तुम्हाला माहीत आहेत."

माहीत होते. दामल्यांनीच केले होते. वर्कशॉपात परतल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत नोंद केली, 'चाचणी साहित्य, मिटलेल्या डोळ्यांचा फोटो, नग एक. वर्कशॉपबाहेर नेण्यास मनाई.' आणि खाली सही केली. ती बघून वैजनाथनं कोणालाही न विचारता गाडीवर नारळ फोडला.

घरी आले तेव्हा नीरजाबाई निरांजन हातात घेऊन देवघरातल्या रिकाम्या जागेसमोर उभ्या होत्या. दामल्यांनी सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून, काही न वगळता.

"म्हणजे मार्चमध्ये तुम्ही घरी बसणार," नीरजाबाई म्हणाल्या, "आणि महाराज नोकरीला लागले."

"हो."

"दोनशे गाड्या संपेपर्यंत."

"हो. तीस वर्षं मी म्हणत होतो, फोटोनं गाडी चालत नाही. चुकलं माझं."

नीरजाबाईंनी निरांजन खाली ठेवलं आणि वात सारखी केली.

"चुकलं कुठं? बरोबरच म्हणत होता की. चालत नाही. थांबते."